बटणे वाढवणेबाबत

"मीठ माझ्या उजव्या हाती, तिखट माझ्या डावी
बसल्या जागी बाई माझी पंगत जेवून जावी…"

हा आवाज आक्काबाईचा. आक्काबाई म्हणजे माझी आत्या, सायखेड्याची. चुलीपुढं एकदा बसली की सगळा स्वयंपाक उरकेपर्यंत ती उठायची नाही. मीठ, तिखट, तेल, उलथनं, सगळं हाताच्या अंतरावर मांडलेलं असायचं. हात लांब करायची, हवं ते उचलायची आणि गात राहायची. मी तेव्हा लहान होतो. ती ओवी कानातून आत शिरली आणि मनात कुठंतरी पाय मुडपून बसली. गाण्याचं हे बरं असतं, वर्षानुवर्षं राहिलं तरी जागा अडवत नाही.

पण तीच ओवी मला भर ऑफिसात, एक्सेलच्या शीटसमोर आठवावी आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडावं, हे काही आत्याच्या स्वप्नातही आलं नसेल. ती बिचारी भाकरी थापत होती.

माझं नाव समाधान. नाव ठेवताना आईवडिलांना पुढचं दिसत नसतं, हे मी समजू शकतो. मखमलाबाद रोडवरच्या एका गुलाब उत्पादक सहकारी संस्थेत मी प्रभारी व्यवस्थापक आहे. यातला 'प्रभारी' हा शब्द चार दिवसांसाठी आलेल्या आणि मग हललाच नाही अशा पाहुण्यासारखा आहे. आधीचे व्यवस्थापक निवृत्त झाले तेव्हा "तात्पुरतं बघ रे" म्हणून मला खुर्ची मिळाली. खुर्चीची वेताची बैठक दोनदा विणून झाली, प्रभारी मात्र तसाच. दारावरच्या पाटीवर प्रभारी, पगारपत्रकावर प्रभारी. मेव्हण्याच्या लग्नाच्या पत्रिकेत सासऱ्यांनी माझ्या नावाखाली कंसात 'प्रभारी' छापलं. "खोटं कशाला छापायचं?" असं ते म्हणाले. त्या दिवशी मी जिलबी खाल्ली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

यंदाच्या वार्षिक सभेत मात्र तो शब्द काढायचा विषय ठेवला होता. चेअरमन सोमनाथआण्णांनी मान डोलावली की काम झालं. आण्णा गिरणारे गावाकडचे बागायतदार. मोठा माणूस, मोठ्या मिशा, आवाज असा की बोलले की खिडकीतली कबुतरं जागा बदलतात. सभेचा तक्ता नीट झाला तर आण्णा खूश, आण्णा खूश तर मी पूर्ण व्यवस्थापक. सगळं सरळ होतं.

सरळ नव्हता तो तक्ता.

संस्थेचा गुलाब मुंबईला जातो, दिल्लीला जातो. कुणाचं फूल वर्षभर पहिल्या प्रतीचं राहिलं आणि कुणाचं पुनःपुन्हा परत आलं, याचा तक्ता दरवर्षी सभेत वाचला जातो. आजवर तो काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर असायचा. यंदा संचालक मंडळानं दुसऱ्या कुठल्याशा संस्थेचा तक्ता पडद्यावर रंगीत पाहिला आणि त्यांना आपणही रंगीत व्हावंसं वाटलं. पहिल्या प्रतीच्या ओळी हिरव्या, परत आलेल्या मालाच्या ओळी लाल. आण्णा तेवढं "करा की मग" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी रंग दिले. आण्णांना दाखवले. आण्णांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं, लांब नेलं, चष्मा पुसला.

"लाल जरा बसका वाटतो रे समाधान."

मी लाल चढवला.

"आता लयच चढला."

उतरवला.

"आन हा हिरवा… उठत नाय. पानावानी पाहिजे."

पानासारखा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लालवर गाडी. असं रोज. ओळी शेकड्यांनी. प्रत्येक वेळी माउस वर न्यायचा, रंगाचा डबा शोधायचा, मग चौकटीच्या रेषा, मग अक्षरं ठळक, मग मजकूर खाली मोडायचा, मग पुन्हा वर. माझ्या मनगटाची अवस्था कार्तिकातल्या टाळकऱ्यासारखी झाली. छाया, म्हणजे माझी बायको, संध्याकाळी तेल चोळताना म्हणायची, "अहो, तुम्ही ऑफिसात नेमकं करता काय? भावजींची रिक्षा आहे, त्यांचा हातसुद्धा एवढा दुखत नाही."

अशाच एका दुपारी शीटसमोर ओवी आठवली. मीठ उजवीकडं, तिखट डावीकडं. आणि मला कळलं की एक्सेलच्या अगदी वर एक छोटी पट्टी असते, तिथं आपल्याला हवी ती बटणं आणून बसवता येतात. रंगाचा डबा, रेषा, ठळक, सगळं एका ओळीत. माउससुद्धा लागत नाही, ऑल्ट धरून आकडा दाबला की काम. कुठल्याही बटणावर उजवी टिचकी मारायची आणि 'पट्टीवर घ्या' म्हणायचं. चुटकीसरशी होणारी गोष्ट.

चुटकी वाजली नाही. आमच्या संगणकावर ते 'पट्टीवर घ्या' राखाडी होतं. दाबलं जात नव्हतं.

देखभालीचं कंत्राट असलेल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "सर, मागं कुणीतरी सगळे मेनू पुसून टाकले होते ना, म्हणून आम्ही लॉक केलंय. संस्थेचं पत्र द्या, उघडतो."

"अरे, मीच संस्था आहे."

"तुम्ही प्रभारी आहात ना सर?"

मी फोन ठेवला.

पत्रासाठी ठराव लागतो. ठरावासाठी मासिक बैठक लागते. बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "विषय क्रमांक सात: संगणकाच्या पट्टीवर बटणे वाढवणेबाबत." आता वाटतं, तो एक शब्द टाळला असता तर मी वाचलो असतो. सहकारी संस्थेत 'वाढवणे' म्हटलं की संचालकांचे कान सशासारखे होतात.

"वाढवायची म्हणजे आणायची कुठून?" एकांनी विचारलं.

"आणायची नाहीत. आतच आहेत. फक्त वर घ्यायची."

"आत आहेत तर वर कशाला?"

"हाताशी यावीत म्हणून."

"म्हणजे आतापर्यंत तुम्ही हात न लावता काम करत होता?"

दुसरे म्हणाले, "खरेदी असली तर तीन कोटेशनं लागतील."

"खरेदी नाही हो. फुकट आहे."

सहकारात फुकट या शब्दासारखा संशयास्पद शब्द नाही. शेवटी 'तीन कोटेशन मागवून नियमानुसार बटणे वाढवावीत' असा ठराव एकमतानं झाला. आण्णांनी सही केली. मी उन्हातान्हात, कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांचे खड्डे चुकवत, कॉलेज रोडवरची दुकानं हिंडलो. पहिल्या दोघांना वाटलं मी उन्हानं भ्रमलोय. एकानं पाणी दिलं. तिसऱ्या दुकानातल्या बाईंना दया आली. त्यांनी छापील कागदावर लिहून दिलं, "बटणे, नग पाहिजे तितके, दर रुपये शून्य मात्र." त्यांच्याच कागदाच्या दोन प्रती वेगवेगळ्या शिक्क्यांनिशी त्यांनी ओळखीच्या दुकानांतून आणून दिल्या. सर्वांत कमी दराचं कोटेशन मंजूर करताना मंडळ पेचात पडलं, कारण तिन्ही सारखीच होती. चिठ्ठी टाकली.

लॉक उघडलं. आणि उपाशी माणसापुढं पंगत वाढल्यासारखं माझं झालं. हजारो बटणं! रंगाचा डबा घेतला, रेषा घेतल्या, ठळक, तिरपं, मजकूर मोडणारं, कुणाचंही रूप दुसऱ्याला देणारा तो जादूचा ब्रश. मग वाटलं, हेही असू दे. मग तेही. संक्रांतीच्या बाजारात बायका वाणाच्या वस्तू घेतात तशी मी बटणं घेतली. पट्टी स्क्रीनच्या उजव्या टोकाला जाऊन बाहेर डोकावायला लागली. मग निम्मी परत पाठवली. मग उरलेल्यांचे आकडे पाठ केले. ऑल्ट तीन म्हणजे रंग. बोटं आपोआप जायला लागली आणि मी अक्षरशः ओवी बांधली:

"रंग माझ्या उजव्या हाती, रेषा माझ्या डावी
बसल्या जागी बाई माझी सभा पार व्हावी."

सविता समोरच्या टेबलावरून म्हणाली, "समाधान भाऊ, बरं वाटतंय ना?"

सविता आमची लेखनिक. संगणक आमच्या दोघांत एकच. सकाळी तिचा, दुपारी माझा. त्यामुळं पट्टीही दोघांची, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सविताच्या मात्र पहिल्या दिवशीच आलं. तिनं स्वतःचं एक बटण, खाने एकत्र करायचं, अगदी डावीकडं आणून बसवलं. त्यामुळं माझी सगळी बटणं एकेक घर सरकली. मग त्याच्याही डावीकडं आणखी दोन आणून बसवली. माझ्या ऑल्ट तीनच्या जागी आता तिचं खाने जोडायचं बटण.

मला काय माहीत? मी दुपारी बसलो, एका अख्ख्या गावाची नावं निवडली, ऑल्ट तीन, एंटर. संगणकानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. चांगला माणूस विचारतोय, नाही कशाला म्हणायचं? हो म्हटलं. पुढचं गाव, पुन्हा हो. कागदावरच्या यादीकडं बघत तीन गावं उरकून, फाईल सेव्ह करून, बंद करून मी चहाला गेलो. परत येऊन उघडतो तर त्या त्या गावात सगळ्या खान्यांचा मिळून एकच खाना आणि त्यात पहिलं नाव. एका गावचा वर्षभराचा सगळा गुलाब एकट्या सिंधुबाईंच्या नावावर. सिंधुबाईंना कळलं असतं तर त्यांनी हत्तीवरून पेढे वाटले असते.

"सविता, तू माझी बटणं सरकवलीस?"

"तुमची? ठरावात 'संस्थेची बटणे' लिहिलंय. मीच टाईप केलंय."

तीन गावांची नावं मी पुन्हा बसवली. दोन दिवस सविताशी बोललो नाही. तिला त्याचा आनंद झाला असावा.

हे सगळं मी घरी सांगितलं ही पुढची चूक, कारण आमच्या इमारतीत भिंती नावापुरत्या आहेत. शेजारचे गोटीराम काका निवृत्त तलाठी. सातबाऱ्यावर अर्धं आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळं कुठल्याही ओळीबद्दल त्यांना मत असतं. पोह्यांची ताटली हातात घेऊनच ते आले.

"समाधानराव, एकेक बटण काय वेचत बसता? आमच्या जावयाची पट्टी तयार आहे. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. फाईल पाठवतो, तुम्ही फक्त ओतून घ्या."

"काका, त्याचं काम वेगळं, माझं वेगळं."

"अहो, काम वेगळं असलं तरी बटण बटणच! शर्टाला काय गावागणिक वेगळं बटण असतं?"

छाया आतून म्हणाली, "घ्या की. काका एवढं म्हणतायत." मी फाईल घेतली. ओतली. आणि माझी होती नव्हती ती सगळी पट्टी पुसून तिथं जावयाची पट्टी येऊन बसली. रंगाचा डबा नाही, रेषा नाहीत. होता फक्त एक चौकोन, त्यावर छोटंसं तोंड आणि आवाजाच्या लहरी. मी ते काय आहे म्हणून दाबलं. काहीच झालं नाही. मी एका खान्यात आकडा टाकला, एंटर मारलं.

"फोर हंड्रेड अँड ट्वेल्व्ह!" असं एक बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या.

बाहेर माल मोजायला उभे असलेले शेतकरी थबकले. मी पुन्हा एंटर मारलं. "नाइन्टी सिक्स!" खिडकीतून भिमाजी डोकावला. भिमाजी म्हणजे आमचा सगळ्यात तापट सभासद. या वर्षी त्याची फुलं डावणी रोगानं गेली, गाडीमागं गाडी परत आली, त्यामुळं तो संस्थेवर आधीच धुमसत होता.

"भाऊसाहेब, मड्डम ठेवली का हिशोबाला? म्हणूनच आमचा माल परत येतोय!"

बाईंना गप्प करायचं बटण सापडेना. जे दाबावं ते भलतंच निघे. अखेरीस सविता उठली, मागून स्पीकरची वायर उपटली आणि जागेवर जाऊन बसली. तेवढ्यात आण्णा आत आले.

"काय रे, कोण बोलत होतं?"

मी मान खाली घालून सांगितलं. वाटलं, गेला प्रभारी, कायमचा प्रभारी राहिला. पण आण्णा उलट खुर्ची ओढून बसले. "वाचून दाखवते म्हणतोस? अख्खी ओळ? मग हेच ठेव ना सभेला. रंगबिंग कशाला?"

"आण्णा, ती मराठी वाचत नाही. आणि मंडळाचा ठराव रंगाचा आहे."

आण्णा उठले. "मग राहू दे," म्हणाले आणि निघून गेले. त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला, पण मला तेव्हा माझ्या पट्टीचं दुःख मोठं होतं.

पुन्हा पहिल्यापासून. हा प्रकार ऐकून कंत्राटवाल्या पोरानं पुन्हा लॉक केलं होतं, म्हणजे राखाडी, पत्र, उघडणं, वेचणं. या वेळी सविताशी लेखी तह केला. पहिली दोन घरं तिची, पुढची माझी, सरकवासरकवी बंद. सभेच्या आदल्या दुपारी तक्ता तयार झाला. देखणा. हिरव्या ओळी पानासारख्या, लाल ओळी फुलासारख्या, गावागावांतून मिसळलेल्या. बागेत उभं राहिल्यासारखं वाटत होतं. आण्णांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "झालं ना? मग झालं."

सभा पेठ रोडच्या एका मंगल कार्यालयात होती. मांडव भरलेला. मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात संगणकाशी, आण्णा माईकशी, मोठ्या पडद्यावर तक्ता. आमच्याकडं प्रथा अशी की पहिल्या प्रतीवाल्यांना, म्हणजे यंदा हिरव्या ओळीवाल्यांना, चेअरमननी स्वतः नाव पुकारून शाल आणि नारळ द्यायचा. माल परत आलेल्यांची, म्हणजे लाल ओळींची, नावं वाचायची नाहीत, ज्याची त्यानं बघून घ्यायची. त्यानंतर लगेच पुढचा विषय, माझा.

आण्णांनी पडद्याकडं बघितलं, घसा खाकरला. पहिली दोन नावं बरोबर आली. टाळ्या, शाल, नारळ. मग ते थांबले. मग म्हणाले, "श्री. भिमाजी! या, सत्काराला या!"

मांडवात आधी कुजबूज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं. भिमाजी उभा राहिला. त्याच्या मानेची शीर मला लांबून दिसत होती.

"आण्णा, वर्षभर माझी फुलं परत धाडली. बाग उपटायची वेळ आली. आन आता भरल्या मांडवात शाल? थट्टा करता का गरिबाची?"

"थट्टा कशाची? तक्त्यात हाय ते वाचलं."

"तक्त्यात काय हाय ते सगळ्यांना दिसतंय की!"

आण्णा माझ्याकडं वळले. "समाधान! रंग चुकवलेस तू!"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. एक संचालक मोठ्यानं म्हणाले, "ठराव करून बटणं दिली, तरी ही तऱ्हा! आणि यांना कायम करायचं म्हणे!" मी पडदा बघितला, स्क्रीन बघितला, पुन्हा पडदा बघितला. भिमाजीची ओळ लाल. चांगली रसरशीत लाल. गप्प बसलो तर चूक माझी आणि प्रभारी जन्माचा. बोललो तर भरसभेत चेअरमनला खोटं पाडलं, म्हणजे प्रभारीसुद्धा राहिलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुठलंच बटण उपयोगाचं नव्हतं.

"आण्णा," मी पडद्याकडं बोट केलं, "ती ओळ लाल आहे."

"हिरवी हाय!"

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारं माणूस हळूच म्हणालं, "लाल हाय, आण्णा." मग दुसरं कुणी, "लालच हाय की." आण्णा पडद्याकडं बघत राहिले. माईक त्यांच्या हातात होता आणि त्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत आण्णांच्या घरच्या, सरूबाई, बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. पदर सावरला.

"आवं, किती दिवस? त्या पोरावर कशाला घालताय? सांगा की आता."

आण्णांनी माईक खाली घेतला. मग पुन्हा वर घेतला.

"समाधानचं काय चुकलं नाय," ते म्हणाले. खिडकीतली कबुतरं उडवणारा आवाज पार खाली आला होता. "त्यानं रंग बरोबर दिले असतील. मला लाल आन हिरवं येगळं दिसत नाय. पोरपणापासनं नाय. गुलाबवाल्यानं हे कुणाला सांगायचं? लोक म्हणतील, ह्याला फूल दिसत नाय आन हा आमचा चेअरमन. भिमाजी, तुझी थट्टा नव्हती रे केली. मला ते सगळं एकाच रंगाचं रान दिसतं. आमच्या बागेत ही सरू म्होरं चालते, फुलाला बोट लावते, आन मी खुडतो. इतकी वर्षं असंच खुडतोय."